वेब सर्व्हर : कमांड लाइनवरून स्थापना

ब्राउझरकडून आलेली एचटीटीपी विनंती स्वीकारून तिला उत्तर देणारे सॉफ्टवेअर म्हणजे वेब सर्व्हर. टर्मिनलमध्ये आज्ञा टंकून ते बसवणे, सुरू करणे आणि यंत्र बंद पडून पुन्हा चालू झाले तरी ते आपोआप उठेल अशी व्यवस्था लावणे, एवढी कामे या नोंदीत अभिप्रेत आहेत. सर्व्हर म्हणून राबणाऱ्या लिनक्स यंत्रांना बहुधा पडदा जोडलेला नसतो. त्यांच्याशी एसएसएचवरूनच, म्हणजे दुरून सुरक्षितपणे जोडणाऱ्या साधनातूनच, बोलावे लागते. त्यामुळे कमांड लाइन हीच या कामाची नेहमीची वाट. (आज्ञा येथे उच्चारानुसार दिल्या आहेत, टंकताना त्या रोमन लिपीतील लहान अक्षरांत लिहाव्यात.)

नव्या माणसाचा पहिला गोंधळ नावांवरून होतो आणि त्याचे मूळ इतिहासात आहे. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या एनसीएसए या केंद्रात रॉब मॅकूल यांनी १९९३ च्या सुमारास 'एचटीटीपीडी' हा सर्व्हर लिहिला. शेवटचा 'डी' म्हणजे डीमन, अर्थात पडद्याआड सतत चालणारा प्रोग्राम. १९९४ च्या मध्यास मॅकूल यांनी ते केंद्र सोडले आणि सर्व्हरची वाढ खुंटली. ठिकठिकाणचे वेबमास्टर आपापल्या दुरुस्त्या, म्हणजे पॅच, एकमेकांना ई-मेलने पाठवत राहिले. १९९५ च्या प्रारंभी त्यांचा गट बनला, एप्रिलमध्ये ०.६.२ ही पहिली सार्वजनिक आवृत्ती आली आणि १ डिसेंबर १९९५ रोजी १.० आवृत्ती. हाच अपाची सर्व्हर.

'अपाची' या नावाच्या दोन व्युत्पत्ती सांगितल्या जातात. ठिगळे लावलेला, अर्थात 'अ पॅची' सर्व्हर, ही पहिली. प्रकल्पाच्या स्वतःच्या जुन्या प्रश्नोत्तरांतही ती होती. दुसरी, अपाची या अमेरिकी आदिवासी जमातीविषयीच्या आदरातून नाव घेतल्याची; अपाची सॉफ्टवेअर फाउंडेशनने नंतर हीच अधिकृत म्हणून मांडली. संस्थापकांपैकी ब्रायन बेह्लेनडॉर्फ यांनी २००० साली दिलेल्या मुलाखतीत नाव सहज सुचल्याचे आणि त्यातली शाब्दिक कोटी इतरांच्या ध्यानात आल्याचे सांगितले आहे. कोटी नंतरची, हे मत अधिक ग्राह्य वाटते. जुन्या प्रश्नोत्तरांतील खुलासाही त्याला फारसा बाधक नाही, कारण जुळलेली कोटी लवकरच व्युत्पत्ती म्हणून सांगितली जाऊ लागते. २०२३ साली 'नेटिव्हज इन टेक' या संघटनेने नाव बदलण्याची मागणी केली. फाउंडेशनने त्याच वर्षी आपल्या परिषदेचे नाव बदलले. सर्व्हरचे मात्र तेच राहिले.

व्यवहारातला परिणाम असा : डेबियन व उबुंटू या लिनक्सच्या वितरणांमध्ये या सर्व्हरचे पॅकेज (स्थापनेसाठीचा तयार संच) 'अपाची२' नावाचे आहे, तर रेड हॅट कुळात (फेडोरा, रॉकी, अल्मा) तेच 'एचटीटीपीडी'. सेवेचे नाव आणि 'एटसी' डिरेक्टरीतील सेटिंगचे फोल्डर यांनाही हाच फरक लागू आहे. ज्या खात्याने सर्व्हर चालतो ते डेबियनमध्ये 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा', रेड हॅटमध्ये 'अपाची'. एका कुळासाठी लिहिलेल्या सूचना दुसऱ्यावर चालवल्या की पहिल्या दोन ओळींतच अडखळायला होते. इगोर सिसोएव यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एनजिनएक्स या दुसऱ्या वेब सर्व्हरचे पॅकेज दोन्हीकडे एकाच नावाचे आहे.

डेबियन-उबुंटूवर आधी 'सुडो ॲप्ट अपडेट', मग 'सुडो ॲप्ट इन्स्टॉल अपाची२' ('सुडो' म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने; 'ॲप्ट' हे पॅकेज बसवणारे साधन). पहिली आज्ञा पॅकेजांची यादी ताजी करते; ती गाळली तर जुन्या यादीतली, भांडारातून निघून गेलेली फाइल मागितली जाते आणि ४०४ चूक येते. रेड हॅटवर 'सुडो डीएनएफ इन्स्टॉल एचटीटीपीडी'. येथे एक धोरणात्मक भेद आहे. डेबियन पॅकेज बसताच सेवा सुरू करते. रेड हॅट करत नाही, म्हणून 'सुडो सिस्टिमसीटीएल इनेबल --नाऊ एचटीटीपीडी' ही आज्ञा वेगळी द्यावी लागते. नुसते 'स्टार्ट' दिले तर सर्व्हर आज चालतो आणि पुढच्या रीबूटनंतर गायब होतो. डेबियनचा आपोआप प्रारंभ नको असेल तर 'पॉलिसी-आरसी.डी' नावाची, १०१ हा निर्गम-अंक (एक्झिट कोड) परत करणारी छोटी स्क्रिप्ट ठेवतात. कंटेनर-प्रतिमांत (प्रोग्राम वेगळ्या कप्प्यात चालवण्याच्या तयार साच्यांत) ती बहुधा असतेच. तेथे पॅकेज बसूनही सर्व्हर उठत नाही, त्याचे हे एक कारण.

चाचणी त्याच यंत्रावर 'कर्ल -आय लोकलहोस्ट' या आज्ञेने करावी (पर्यायातला 'आय' मोठ्या लिपीतला). उत्तराच्या पहिल्या ओळीत २०० (विनंती यशस्वी) दिसले तर ठीक. रेड हॅटचे रिकामे चाचणी-पान ४०३ (प्रवेश नाकारला) या अंकासह येऊ शकते. त्याने घाबरू नये. सेटिंग बदलल्यावर सेवा पुन्हा सुरू करण्यापूर्वी 'अपाचीसीटीएल कॉन्फिगटेस्ट' किंवा 'एनजिनएक्स -टी' चालवणे ही चांगली सवय. अपाची येथे यंत्राचे पूर्ण डोमेन-नाव ठरवता येत नसल्याची एएच००५५८ ही सूचना देतो. ती चूक नव्हे. 'सर्व्हरनेम'ची एक ओळ लिहिली की थांबते.

सर्व्हर उठतच नसेल तर पहिला संशय ८० क्रमांकाच्या पोर्टवर, म्हणजे वेबच्या नेहमीच्या जोडणी-दारावर, घ्यावा. एका पोर्टवर एकच प्रोग्राम कान लावून बसू शकतो. अपाची चालू असताना एनजिनएक्स सुरू केला की पत्ता आधीच वापरात असल्याची ९८ क्रमांकाची चूक येते. पोर्ट कोणी धरले आहे ते 'सुडो एसएस -टीएलएनपी' सांगते. १०२४ च्या खालची पोर्ट सामान्य खात्याला सहसा मिळत नाहीत, म्हणून मुख्य प्रक्रिया रूट या सर्वाधिकारी खात्याने सुरू होते आणि विनंत्या हाताळणाऱ्या प्रक्रिया कमी अधिकारांच्या खात्यात उतरवते.

आतून पान दिसते, बाहेरून नाही, तर फायरवॉल, म्हणजे बाहेरून येणाऱ्या जोडण्या अडवणारी चाळणी, पाहावी. रेड हॅटवर 'फायरवॉल-सीएमडी --पर्मनंट --ॲड-सर्व्हिस=एचटीटीपी' दिल्यावर '--रीलोड' द्यावेच लागते; 'पर्मनंट' नियम तत्काळ लागू होत नाही आणि त्या शब्दाविना दिलेला नियम रीबूटनंतर टिकत नाही. उबुंटूवर 'यूएफडब्ल्यू' ही फायरवॉल चालू करण्याआधी एसएसएचला वाट मोकळी करावी, नाहीतर आपणच बाहेर राहतो.

सर्वाधिक वेळ खाणारी अडचण म्हणजे ४०३. फाइलला ६४४ (मालकाला वाचन-लेखन, इतरांना वाचन) व फोल्डरला ७५५ (इतरांना वाचन व शिरकाव) परवानगी दिली की काम झाले असे समजले जाते, पण मुळापासून त्या फाइलपर्यंतच्या प्रत्येक फोल्डरवर सर्व्हरच्या खात्याला 'एक्स', म्हणजे आत शिरण्याचा, अधिकार लागतो. घरचे फोल्डर ७०० (फक्त मालकाला) असेल तर आतल्या फाइलला ७७७ (सर्वांना सर्व काही) देऊनही उपयोग नाही, आणि धोका मात्र वाढतो. 'नेमआय -एल' ही आज्ञा वाटेतल्या सगळ्या परवानग्या एकाखाली एक दाखवते. त्याही ठीक असतील तर रेड हॅटवर एसईलिनक्स या जादा सुरक्षा-पहाऱ्याचे फाइलवरील लेबल तपासावे. घरच्या फोल्डरमधून 'एमव्ही'ने हलवलेली फाइल जुने लेबल घेऊन येते, तर 'सीपी'ने केलेल्या प्रतीला नव्या जागेचे लेबल मिळते. म्हणून एकाच फोल्डरमधली एक फाइल दिसते, दुसरी नाही. 'सुडो रिस्टोरकॉन -आरव्ही' (येथे 'आर' मोठ्या लिपीतला) आणि पुढे फोल्डरचा मार्ग, एवढे पुरते. एसईलिनक्स सरसकट बंद करणे हा उपाय सर्रास सुचवला जातो, तो टाळावा. तिसरे कारण जुन्या सेटिंगचे : २०१२ मध्ये आलेल्या अपाची २.४ ने 'ऑर्डर-अलाऊ-डिनाय' ही रचना सोडून 'रिक्वायर ऑल ग्रँटेड' आणली. तीनपैकी कोणते कारण हे एरर लॉगची (चुकांच्या नोंदवहीची) शेवटची ओळ बहुधा सांगून टाकते.

मूळ स्रोतावरून (सोर्स कोडवरून) बांधणी आता क्वचितच लागते. 'कॉन्फिगर', 'मेक', 'मेक इन्स्टॉल' असा तिचा क्रम. अपाचीसाठी एपीआर, एपीआर-युटिल आणि पीसीआरई ही ग्रंथालये (लायब्ररी, म्हणजे तयार कोडचे संग्रह) लागतात व सर्व्हर सामान्यतः 'युझर-लोकल'खालील 'अपाची२'मध्ये बसतो. सुरक्षा-दुरुस्त्या मग आपोआप येत नाहीत. प्रत्येक वेळी नव्याने बांधावे लागते. विंडोज सर्व्हरवर आयआयएस हा मायक्रोसॉफ्टचा वेब सर्व्हर पॉवरशेलमधील 'इन्स्टॉल-विंडोजफीचर' या आज्ञेने बसतो. मॅकवर होमब्रू या पॅकेज-साधनाने बसवलेला एनजिनएक्स ८०८० पोर्ट वापरतो.

काढून टाकताना डेबियनवर 'रिमूव्ह' सेटिंगच्या फाइली मागे ठेवते. 'पर्ज' त्याही काढते. हा फरक न ओळखता 'एटसी'मधील फोल्डर हाताने पुसून पुन्हा स्थापना केली, तर पॅकेज बसते पण सेटिंगच्या फाइली परत येत नाहीत. वापरकर्त्याने मुद्दाम पुसलेली फाइल डीपीकेजी (डेबियनचे पॅकेज-साधन) पुन्हा ठेवत नाही. अशा वेळी आधी पर्ज करून मग बसवावे. अपाची २.२ च्या काळी बऱ्याच सेटिंग-फाइली 'अपाची२' नव्हे तर सोबतच्या पॅकेजाच्या मालकीच्या असल्याने तेही पर्ज करावे लागे.