जेली पडते का? फासे, रूल्स आणि गोष्टीच्या भांडणाची पार्श्वभूमी

सोलापुरात आम्ही जे पाच-सहा जण डीअँडडी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, म्हणजे प्रत्येकाने एक पात्र घेऊन बोलून आणि फासे टाकून गोष्ट रंगवायचा खेळ) खेळतो त्यांच्यात एक वाद अधूनमधून पेटतोच, की फासा सांगेल तसं गोष्टीत घडवायचं, का गोष्टीत जे पटेल तेवढ्यापुरताच फासा टाकायचा. नवीन पोरांना वाटतं हे यूट्यूबवरून आलेलं खूळ आहे. नाही, जुनं आहे.

१८२४ ला प्रशियाच्या सैन्यात नकाशावर लढाया खेळायचे, माणसं किती पडली ते फासे आणि तक्ते ठरवायचे आणि निवाड्याला पंच असायचा. तक्ते बघण्यातच वेळ जायला लागला म्हणून १८७६ ला एका अधिकाऱ्याने मांडलं की अनुभवी पंचालाच ठरवू दे की सरळ. झालं, दोन्ही पार्ट्या तेव्हाच तयार. पुढं १९७४ चा डीअँडडी अशाच युद्धखेळांतून निघाला म्हणून त्यात मारामारीचे रूल्स ढीगभर आणि बाकीचं बरंचसं डीएमच्या, म्हणजे गेम चालवणाऱ्याच्या, डोक्यावर. मधला काळ मी उरकतो, फक्त १९९१ ला अजिबात फासे नसलेला गेमपण येऊन गेला एवढं लक्षात ठेवा.

खरा राडा २००८ चा, डीअँडडीची चौथी एडिशन. कंपनीने ठरवलं की फायटरलापण, म्हणजे हत्याराने लढणाऱ्या पात्रालापण, जादूगारासारख्या पॉवर्स (ठरावीक खास डाव) द्यायच्या, काही लढाईत एकदा, काही दिवसातून एकदा, अंतर फुटात न मोजता नकाशावरच्या चौकोनांत मोजायचं, आणि पॉवरमध्ये जे लिहिलंय ते होणार म्हणजे होणार. आता जिलेटिनस क्यूब घ्या, म्हणजे बोळ भरून सरकत येणारा जेलीचा चौकोनी ठोकळा. फायटरने पॉवर वापरली, फासा लागला, जेली आडवी पडली. आमच्याकडं एकजण हातातली भज्जी खाली ठेवून म्हणाला, "का बे, जेलीला पाय कुठायत पडायला?" हाच प्रश्न जगभर विचारला गेला आणि त्यावर पानंच्या पानं भांडणं झाली. कंपनीचं उत्तर साधारण असं होतं की पडली म्हणजे डळमळली समजा, रूल लागू, चित्र तुम्ही जमवा.

दुसरी एक पॉवर अशी होती की फायटर ललकारणार आणि आजूबाजूचे शत्रू आपणहून त्याच्याजवळ येणार, त्याला फासापण नाही. लांबून बाण मारणारा शहाणा माणूस तलवारीखाली का येईल? नंतर दुरुस्ती करून तिथं शत्रूच्या मनोबलाविरुद्ध फासा टाकायला लावला.

माझं मत विचाराल तर चौथीला फुकट जास्त शिव्या बसल्या. जादूगाराचा मंत्र दिवसातून एकदाच का चालतो हे कोणी विचारत नाही, जादू आहे म्हणून सोडून देतात, पैलवानाने मात्र प्रत्येक डावाचा हिशोब द्यायचा. आणि हिट पॉइंट, म्हणजे पात्र किती मार सोसेल तो आकडा? ते म्हणजे नुसत्या जखमा नाहीत, कसब आणि नशीबपण त्यात आलं, हे तर १९७९ च्या डीएमच्या पुस्तकातच लिहिलेलं. म्हणजे रूल आणि गोष्ट यांचा सांधा आधीपासून ढिलाच होता, २००८ ला तो दिसला एवढंच. सारीपाटात सोंगटी मेली तर कशी मेली कोणी विचारत नाही, इथं विचारतात, म्हणून तर हा वेगळा खेळ आहे.

लगेच २०१० ला अपोकॅलिप्स वर्ल्ड नावाचा गेम आला तो बरोबर उलट्या टोकाचा. आधी तुझं पात्र नेमकं काय करतंय ते सांग, मग फासा. दोन साधे फासे, बोनस धरून १० किंवा वर आलं तर काम फत्ते, ७ ते ९ म्हणजे होतं पण किंमत मोजून, ६ किंवा खाली आलं की गेम चालवणारा काहीतरी वाईट घडवणार. फासा गोष्टीतून निघतो आणि परत गोष्टीतच येऊन पडतो, मला हे लई आवडतं, पण ज्याला डावपेच लढवायचेत तो अर्ध्या तासात कंटाळतो.

डीअँडडीने २०१४ ला माघार घेतली, अंतर परत फुटात, आणि क्यूब आडवा पडूच शकत नाही असं त्याच्या माहितीतच छापून टाकलं. हिट पॉइंटचं कोडं मात्र तसंच, फायटर दम घेऊन दहा बाजूंचा फासा टाकतो, त्यात आपल्या लेव्हलचा, म्हणजे अनुभवाच्या पायरीचा, आकडा मिळवतो आणि तेवढा बरा होतो, कसा ते कोणी सांगत नाही. आणि २०२४ च्या पुस्तकात काही हत्यारांना टॉपल नावाचा गुण आलाय, फटका बसला आणि समोरच्याचा सेव्ह (बचावाचा फासा) चुकला की तो आडवा, साइजची अट नाही. म्हणजे जेली वाचली पण अजस्र ड्रॅगन काठीच्या फटक्याने लोळतो, आणि आमच्यातला तो भज्जीवाला आता त्यावरून चालू झालाय.