छुप्या युद्धाला अण्वस्त्रांचे कवच

भारत-पाकिस्तान यांच्यातील संमिश्र युद्धाची, म्हणजे लष्करी बळाला छुपे हल्ले आणि अपप्रचार यांची जोड देणाऱ्या संघर्षाची, चर्चा बहुधा १९९८च्या अणुचाचण्यांपासून सुरू होते. परंतु हल्ला करून नामानिराळे राहण्याची रीत अण्वस्त्रांहून बरीच जुनी आहे. ऑक्टोबर १९४७मध्ये काश्मीरवर चालून आलेल्या पश्तून टोळीवाल्यांना शस्त्रे आणि वाहने पाकिस्तानातूनच मिळाली होती, तरी आपला त्या आक्रमणाशी संबंध नसल्याचे पाकिस्तान सरकार सांगत राहिले. ऑगस्ट १९६५मध्ये ‘ऑपरेशन जिब्राल्टर’अंतर्गत सशस्त्र घुसखोर युद्धबंदी रेषेपलीकडे धाडले गेले. काश्मिरी जनता उठाव करील हा हिशेब साफ चुकला, अनेक ठिकाणी स्थानिकांनीच घुसखोरांची खबर दिली आणि ६ सप्टेंबरला भारतीय सैन्याने आंतरराष्ट्रीय सीमा ओलांडून लाहोर आघाडी उघडली.

छुप्या कारवाईतून असे उघड युद्ध ओढवण्याचा धोका अण्वस्त्रांमुळे टळेल, असा पाकिस्तानी लष्करी नेतृत्वाचा पुढे होरा झाला. १९८०च्या दशकात सोव्हिएत फौजांविरुद्ध अफगाण मुजाहिदीनांना पोसताना आयएसआयने प्रशिक्षणाची आणि शस्त्रपुरवठ्याची जी यंत्रणा उभी केली, तीच १९८९पासून काश्मीरमध्ये वापरात आली. तेथील असंतोषामागे १९८७च्या निवडणुकीतील गैरप्रकारही होते, हे आपण मान्य केलेच पाहिजे. बाहेरून येणारी शस्त्रे आतल्या अविश्वासावरच पोसली गेली.

मे १९९८मध्ये दोन्ही देशांनी चाचण्या केल्या आणि वर्षभरातच कारगिल घडले. फेब्रुवारी १९९९मध्ये लाहोर जाहीरनाम्यावर सह्या होत असताना नियंत्रण रेषेवरील घुसखोरीची योजना अमलात येऊ लागली होती. शिखरे बळकावणारे मुजाहिदीन असल्याचा पाकिस्तानचा दावा होता. प्रत्यक्षात त्यांत पाकिस्तानच्याच नॉर्दर्न लाइट इन्फन्ट्री या दलाचे सैनिक होते. भारताने आपल्या विमानांना नियंत्रण रेषा न ओलांडण्याचा आदेश दिला. अण्वस्त्रधारी शेजाऱ्याशी लढताना संयम राखूनही भूभाग परत मिळवता येतो, हे त्या निर्णयाने सिद्ध केले. माझ्या मते कारगिलचा हाच सर्वांत मोलाचा भाग आहे.

१३ डिसेंबर २००१च्या संसदेवरील हल्ल्यानंतर सैन्याच्या जमवाजमवीला आठवडे लागले आणि तेवढ्या अवधीत आंतरराष्ट्रीय दबाव वाढला. त्यातून झटपट, मर्यादित चढाईचा ‘कोल्ड स्टार्ट’ विचार पुढे आला. पाकिस्तानने २०११मध्ये सुमारे ६० किलोमीटर पल्ल्याच्या, अण्वस्त्र वाहून नेऊ शकणाऱ्या ‘नस्र’ क्षेपणास्त्राची चाचणी करून त्याला उत्तर दिले. दरम्यान २००८च्या मुंबई हल्ल्यानंतरही भारताने लष्करी प्रत्युत्तर टाळले होते. ही मर्यादा २०१६मध्ये उरीनंतर आणि २०१९मध्ये पुलवामानंतर सैल झाली. बालाकोटवरील कारवाईत भारतीय विमानांनी १९७१नंतर प्रथमच पाकिस्तानच्या मुख्य भूमीवर हल्ला केला.

एप्रिल २०२५मध्ये पहलगाम येथे २६ जणांची हत्या झाल्यावर संघर्षाची साधने आणखी वाढली. मे महिन्यातील चार दिवसांत क्षेपणास्त्रांबरोबर ड्रोनचा मोठा वापर झाला आणि समाजमाध्यमांवर जुन्या व बनावट चित्रफितींची लाट उसळली. तत्पूर्वीच, १९६५, १९७१ आणि १९९९ची युद्धे पचवून टिकलेला १९६०चा सिंधू जलकरार भारताने स्थगित ठेवला होता.