पर्समधली गाय

टॅबवर गाय आली की तो तिच्यावर बोट ठेवतो. 'मूऽऽ' असा आवाज येतो, गाय मान हलवते आणि तो खुदकन हसतो. मग घोडा, मग बेडूक, मग परत गाय. पाच वर्षांचा हा मुलगा स्वमग्न आहे, म्हणजे त्याला ऑटिझम आहे, शब्द अजून दोन-चारच. पण ॲपने 'गाय कुठे आहे?' विचारलं की चोवीस चित्रांतून बरोबर गाय काढतो. त्याच्या आईने मला हे पहिल्यांदा दाखवलं तेव्हा तिचा आनंद चेहऱ्यावर मावत नव्हता. मलाही तेवढाच झाला.

त्याच संध्याकाळी आम्ही तिघं ठाण्याच्या तलावपाळीच्या बाजूने निघालो होतो. वाटेत एका देवळाबाहेर गाय बांधलेली असते आणि शेजारी चाऱ्याच्या पेंढ्या घेऊन एक मावशी बसलेल्या असतात. आई थांबली. "दाखव बघू, गाय कुठे आहे?" गाय हातभर अंतरावर होती. त्याने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. वळला आणि आईच्या पर्सची चेन ओढायला लागला.

पर्समध्ये फोन होता. फोनवर तेच ॲप होतं. त्याच्या लेखी गाय तिथेच राहत होती.

आईचे डोळे भरून आले. म्हणाली, "ताई, म्हणजे इतके दिवस तो काहीच शिकला नाही?" शिकला होता, आणि पक्कं शिकला होता. 'गाय' हे नाव त्याने त्या चित्रालाच चिकटवलं होतं. मेलिसा ॲलन प्रायस्लर या संशोधिकेने 2008 साली नेमकं हेच तपासलेलं आहे. स्वमग्न आणि फारसं न बोलणाऱ्या मुलांना एका अनोळखी वस्तूचं नाव फक्त चित्रावरून शिकवलं. मग समोर ते चित्र आणि ती खरी वस्तू, दोन्ही ठेवून नाव घेतलं. अशाच प्रयोगात दीड-दोन वर्षांची इतर मुलं खऱ्या वस्तूकडे हात नेतात. चित्र हे कशाचं तरी चित्र असतं, हे त्यांना कोणी न सांगता उमगलेलं असतं. स्वमग्न मुलांपैकी बऱ्याच जणांनी मात्र नुसतं चित्र उचललं.

अर्थात पडद्यावरचं बाहेर आणणं कुठल्याच लहान मुलाला सोपं नसतं. 1998 साली जॉर्जीन ट्रोसेथ आणि ज्युडी डीलोश यांनी दोन वर्षांच्या मुलांना शेजारच्या खोलीत खेळणं लपवताना टीव्हीवर दाखवलं. मुलं त्या खोलीत गेली आणि बरीचशी गोंधळली. तेच लपवणं खिडकीतून दाखवलं, तेव्हा मात्र खेळणं पटकन सापडलं. अडीच-तीन वर्षांच्या आसपास बहुतेक मुलं ही पायरी आपोआप चढतात. आमच्या स्वमग्न मुलांना तिथे हात धरून न्यावं लागतं, एवढाच फरक. एवढाच म्हणते, पण त्यात कधी कधी अख्खं वर्ष जातं.

त्यात आणखी एक अडचण आहे. आयव्हर लोव्हास आणि सहकाऱ्यांनी 1971 मध्ये मुलांना प्रकाश, आवाज आणि स्पर्श असे तीन संकेत एकदम देऊन प्रतिसाद द्यायला शिकवलं आणि नंतर एकेक संकेत सुटा देऊन पाहिला. स्वमग्न मुलं प्रामुख्याने एकाच संकेताला प्रतिसाद देत होती. बाकीचे जणू नव्हतेच. आता ॲपमधली गाय आठवा. काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची, पाठ सपाट, कारण ती परदेशी होल्स्टीन जातीची. ओरडते तीही 'मू'. देवळाबाहेरची गाय तांबूस, पाठीवर वशिंड, गळ्याखाली लोंबणारी पोळी, आणि आपल्याकडे ती 'हम्मा' करते. मुलाने फक्त ठिपके धरले असतील किंवा फक्त 'मू' धरला असेल, तर या गाईत त्याच्या ओळखीचं काय उरलं?

म्हणून ॲप बंद करा, असं मी कुणालाही सांगत नाही. बोट ठेवलं की आवाज येतो, दर वेळी तोच, न चिडता, न कंटाळता. 'मी केलं म्हणून झालं' ही जाणीव शिकण्याच्या अगदी तळाशी असते. कॅरोलिन रोव्ही यांनी 1969 मध्ये पाळण्यावरच्या खेळण्याची दोरी तान्ह्या बाळांच्या पायाला बांधली, तर जेमतेम दोन-तीन महिन्यांची बाळं खेळणं हलावं म्हणून पाय झाडायला लागली. सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या इजेमुळे हालचालींवर ताबा कमी असणं) असलेल्या ज्या मुलीला फ्लॅशकार्ड चिमटीत धरता येत नाही, तिला टॅबवर नुसत्या हाताच्या ओझरत्या स्पर्शाने हा अनुभव मिळतो. तो मी का हिरावून घेऊ?

आम्ही गाय बदलली. आईने आठवडाभर येता-जाता गाईंचे फोटो काढले: पांढरी, तांबडी, बसलेली, पाठमोरी, वासराला चाटणारी. स्वतःचे फोटो टाकता येतील असं ॲप असलं तर उत्तम, नाहीतर फोनची गॅलरी पुरते. आवाज आजीचा घेतला, लांबलचक 'हम्माऽऽ'. वेगवेगळे फोटो दाखवण्याला आधारही आहे. ॲलन आणि सहकाऱ्यांच्या 2015 मधल्या एका अभ्यासात आयपॅडवर एकाच वस्तूची वेगवेगळ्या रंगांतली अनेक चित्रं दाखवली, तेव्हा स्वमग्न मुलांना नाव पडद्याबाहेरच्या वस्तूला लावणं जास्त जमलं.

दुसरा बदल बसण्यात केला. पूर्वी तो आईच्या मांडीत, आईकडे पाठ करून बसायचा. आता समोरासमोर, टॅब आईच्या हनुवटीखाली, म्हणजे नजर वर गेली की आईचा चेहरा. पार्श्वसंगीत बंद. ॲप पिन केलेलं, म्हणजे बोट लागून दुसरीकडे उडी नाही. आणि गाय आली की हाताने चित्र झाकून आई गप्प. मनात पंधरा आकडे मोजायचे. 1979 मध्ये हॅले, मार्शल आणि स्प्रॅडलिन यांनी एका निवासी संस्थेतल्या मुलांपुढे जेवणाचं ताट धरून फक्त पंधरा सेकंद थांबून पाहिलं होतं, आणि तेवढ्या थांबण्याने काही मुलं स्वतःहून मागायला लागली. आईला ही पंधरा सेकंदं फार जड गेली. सगळ्याच आयांना जातात.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगते. 'आवाज' किंवा आयआयटी मुंबईत तयार झालेलं 'जेलो' ही संवादाची ॲप आहेत, न बोलणाऱ्या मुलाची ती वाचा आहे. प्राण्यांच्या खेळातला वेळ संपला म्हणून टॅब काढून घेताना त्याची वाचा काढून घेऊ नका. जमलं तर दोन्हींसाठी वेगळी उपकरणं ठेवा.

फेब्रुवारीत चार मुलांना घेऊन आम्ही ऐरोलीला खाडीवर रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, बघायला गेलो. ॲपमधला फ्लेमिंगो पडदाभर आणि गडद गुलाबी. खाडीत लांबवर नुसती फिकट रेघ, आणि दुर्बिणीतून पाहिलं तर त्यातले कित्येक राखाडी. शेवाळातल्या रंगद्रव्यांमुळे गुलाबी व्हायला पिल्लांना काही वर्षं लागतात. त्या दिवशी एकाही मुलाने 'फ्लेमिंगो' ओळखला नाही. मुलांना चिखल आवडला. पुढच्या वेळी आधी राखाडी पक्ष्याचे, लांबून काढलेले फोटो न्यायचे, असं मी डायरीत लिहून ठेवलं आहे.

आणि तो मुलगा? दोन महिन्यांनी आम्ही त्याच देवळाबाहेर थांबलो. आईने काही विचारलं नाही. ती गाईकडे बघत राहिली आणि मोजत राहिली. अकराच्या आसपास त्याने तिचं मनगट धरलं, पर्सकडे नाही, चाऱ्याच्या ढिगाकडे ओढलं. मग गाईकडे पाहिलं. मग आईकडे. मावशींनी एक पेंढी त्याच्या हातात दिली. ती त्याने गाईला न देता घट्ट धरून ठेवली, वास घेतला, आणि गाईनेच मान लांब करून ती ओढून घेतली.