लिंगशैथिल्यावरील आघातलहरी उपचार

संभोगासाठी पुरेशी ताठरता न येणे किंवा आलेली न टिकणे, या विकारावर (लिंगशैथिल्य) शरीराबाहेरून कमी तीव्रतेच्या ध्वनिलहरी सोडून केला जाणारा उपचार. यालाच शॉकवेव्ह थेरपी म्हणतात.

आघातलहरींचा वैद्यकीय वापर १९८० मध्ये जर्मनीतील म्यूनिक येथे मूतखडे फोडण्यासाठी सुरू झाला. २०१० मध्ये इस्रायलमधील योराम वार्डी व सहकाऱ्यांनी २० पुरुषांवर त्याहून खूपच सौम्य लहरी वापरून पाहिल्या. त्यांची पद्धत पुढे बरीच रूढ झाली : लिंगाच्या दांड्यावर व मुळाशी पाच ठिकाणी प्रत्येकी ३०० आघात, आठवड्यातून दोनदा, तीन आठवडे, मग तीन आठवड्यांची विश्रांती आणि पुन्हा तेवढाच क्रम. भूल द्यावी लागत नाही.

लहरींमुळे पेशींवर सूक्ष्म ताण येतो. त्याने नायट्रिक ऑक्साइड (रक्तवाहिन्या सैल करणारे द्रव्य) व रक्तवाहिन्यांच्या वाढीचे घटक अधिक प्रमाणात तयार होतात, नव्या केशवाहिन्या फुटतात, असे प्राण्यांवरील प्रयोगांत आढळले आहे. म्हणजे हा उपचार मुख्यतः रक्तपुरवठ्याचा आहे. दीर्घकालीन आजार असलेल्या रुग्णाने हे नीट समजून घ्यायला हवे. उच्च रक्तदाबाने धमन्या अरुंद झाल्या असतील तर आशेला जागा आहे. जुन्या मधुमेहात मात्र धमन्यांबरोबर मज्जातंतूही निकामी होतात आणि लिंगातील स्नायूंची जागा तंतुमय ऊती घेतात. तिथे नुसता रक्तपुरवठा सुधारून भागत नाही. मूत्रपिंड निकामी झालेल्यांत संप्रेरकांचा बिघाड, रक्तक्षय आणि अनेक औषधांचे परिणाम यांची भर पडते.

तरीही या रुग्णांना उपचाराचे आकर्षण वाटणे स्वाभाविक आहे. हृदयविकारासाठी नायट्रेट घेणाऱ्यांना ताठरतेसाठीच्या सिल्डेनाफिल (व्हायग्रा) व त्या गटातील गोळ्या वर्ज्य असतात, कारण रक्तदाब धोकादायकरीत्या उतरू शकतो. काहींना त्या गोळ्यांचा गुणच येत नाही.

पुरावा अजून डळमळीत आहे. काही चाचण्यांत प्रश्नावलीतील गुण सुधारले, काहींत खोट्या उपचाराच्या (तुलनेसाठी लहरी न सोडता केलेल्या) तुलनेत फरक पडला नाही. चाचण्या बहुतेक लहान, यंत्रे व मात्रा वेगवेगळ्या. अमेरिकन मूत्ररोग संघटनेने २०१८ मध्ये हा उपचार प्रायोगिक ठरवला. युरोपीय संघटना रक्तवाहिन्यांच्या दोषामुळे झालेल्या सौम्य विकारात त्याची शिफारस करते, पण ती दुबळ्या श्रेणीची. रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील, उपचाराच्या जागी जंतुसंसर्ग किंवा कर्करोग असेल, तर सहसा तो टाळतात.

लिंगाच्या धमन्या हृदयाच्या धमन्यांपेक्षा बारीक असल्याने अडथळ्याचे लक्षण तिथे आधी, कधी हृदयविकाराच्या काही वर्षे आधी दिसते. त्यामुळे हृदय, साखर, रक्तदाब व चरबी यांची तपासणी न करता थेट लहरी देणे हा रुग्णावर अन्यायच होय. त्यातही पैसे भरण्यापूर्वी यंत्र कोणते, हे विचारावे. अनेक ठिकाणी ‘शॉकवेव्ह’ म्हणून वापरली जाणारी रेडियल यंत्रे हवेच्या दाबाने चालतात. त्यांच्या लहरी मंद असून त्वचेखाली लवकर विरतात. वर उल्लेखिलेल्या २०१० च्या प्रयोगाचे निष्कर्ष त्या यंत्रांना लागू होत नाहीत.