स्क्रीनशॉटच्या कोपऱ्यातलं घड्याळ

सुरक्षेचं ऑडिट जवळ आलं की आयटीतल्या माणसाच्या वाट्याला एक काम हमखास येतं, स्क्रीनशॉट काढण्याचं. सेटिंगचं पान उघडायचं, 'किती दिवस वापर नसल्यास खातं बंद' हा रकाना दिसेल असं ते वरखाली करायचं, आणि पडद्याच्या कोपऱ्यातली तारीख-वेळ चित्रात येतेय ना ते बघायचं. ती कापली गेली तर ऑडिटर चित्र परत पाठवतो. मग ते वर्डच्या फाइलमध्ये चिकटवायचं, खाली पुराव्याचा क्रमांक टाकायचा. पलीकडे ऑडिटर ते डोळ्यांनी वाचतो आणि त्यातला आकडा स्वतःच्या एक्सेलमध्ये टाइप करतो.

म्हणजे संगणकात आकडा म्हणूनच असलेल्या आकड्याचं एकाने चित्र केलं आणि दुसऱ्याने त्या चित्राचा पुन्हा आकडा केला. द्राविडी प्राणायाम म्हणतात तो हाच.

या कागदपत्रांचा डोंगर सगळ्यात उंच आहे तो अमेरिकी सरकारच्या दारात. तिथे २००२ च्या कायद्याने सरकारी खात्यांवर माहितीच्या सुरक्षेची जबाबदारी टाकली. 'निस्ट' या तिथल्या मानक संस्थेने सुरक्षेच्या नियमांची यादी केली. तिला ८००-५३ म्हणतात, नियमांना 'कंट्रोल'. २०२० साली आलेल्या पाचव्या आवृत्तीत कंट्रोलची २० कुळं आहेत आणि पोटनियम धरून संख्या हजाराच्या वर जाते. सरकारला क्लाउड सेवा विकायची तर 'फेडरॅम्प' नावाच्या चाळणीतून जावं लागतं. त्यासाठी लागू असलेल्या एकेका कंट्रोलपुढे 'आम्ही हे असं करतो' असं लिहून द्यायचं. हा आराखडा सहज शेकडो पानांचा होतो, आणि अनेक वर्षं तो वर्डमध्येच लिहिला जात होता.

यावर निस्टने फेडरॅम्पच्या साथीने काढलेला उपाय म्हणजे 'ऑस्कॅल', म्हणजेच 'ओपन सिक्युरिटी कंट्रोल्स असेसमेंट लँग्वेज'. पहिली पक्की आवृत्ती २०२१ मध्ये आली. नाव भाषेचं असलं तरी ही काही बोलायची भाषा नाही. कुठली माहिती कुठल्या खणात ठेवायची याचं ठरलेलं फडताळ आहे. एक्सएमएल, जेसन आणि यामल या यंत्राला वाचता येतील अशा फाइली लिहिण्याच्या पद्धती; त्यातल्या कुठल्याही रूपात लिहा, खण तेच.

खातं बंद करण्याचाच नियम घ्या. ८००-५३ मध्ये तो साधारण असा आहे: खातं अमुक काळ वापरात नसेल तर तमुक काळात बंद करा. 'अमुक' आणि 'तमुक' या जागा मुद्दाम रिकाम्या सोडल्या आहेत, ज्याने त्याने भरायच्या. वर्डमध्ये त्या जागी कोणी '९० दिवस' लिहितो, कोणी 'तीन महिने', कोणी नुसतंच 'ठरलेल्या मुदतीत'. ऑस्कॅलमध्ये प्रत्येक रिकाम्या जागेला स्वतःचं ओळखनाव असतं आणि तिची किंमत त्या नावासमोर बसते. नियमांची मूळ यादी एका फाइलमध्ये, त्यातले लागू कुठले आणि कुठल्या किमतीने हे दुसरीत, 'आम्ही कसं पाळतो' हे तिसरीत, तपासणीत काय सापडलं ते आणखी एका फाइलमध्ये. सगळ्या एकमेकींकडे बोट दाखवतात. आराखड्यात ३० आणि प्रत्यक्ष सर्व्हरवर ९० असेल, तर ते एखादा छोटा प्रोग्राम रोज पहाटे पकडू शकतो. वर्षातून एकदा येणाऱ्या ऑडिटरची वाट बघायला नको.

मला यातलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते मात्र उसनवारीचं प्रकरण. एखादी छोटी कंपनी मोठ्या कंपनीच्या क्लाउडवर आपली सेवा चालवते. सर्व्हरच्या खोलीचं कुलूप, पहारा, आगीची व्यवस्था मोठीकडे. छोटी कंपनी तो परिच्छेद उचलून आपल्या आराखड्यात डकवते. पुढे मोठीने व्यवस्था बदलली तरी छोटीच्या वर्डमध्ये जुनंच नांदत राहतं. ऑस्कॅलमध्ये मोठीने आपल्या घटकाची माहिती एकदा लिहायची आणि बाकीच्यांनी तिचा हवाला द्यायचा. 'हे आम्ही बघतो, एवढं तुम्ही बघा' ही वाटणीही त्यातच नोंदता येते.

आपल्याकडच्या सीए मंडळींना यात नवल वाटणार नाही. ठरावीक वर्गातल्या कंपन्यांचे ताळेबंद कंपनी व्यवहार मंत्रालय २०११ पासून एक्सबीआरएल या अशाच खणांच्या रूपात घेतं. पण ताळेबंदात मुळातच आकडे असतात. सुरक्षेच्या आराखड्यात बहुतेक गद्य. म्हणूनच हे काम रेंगाळलं. शेवटी जुलै २०२४ मध्ये व्हाइट हाउसच्या अर्थसंकल्प कार्यालयाने खात्यांना २४ महिन्यांची मुदत घातली: तुमच्या साधनांना ऑस्कॅल वाचता आणि लिहिता आलं पाहिजे.

गद्याचं दुखणं मात्र नुसत्या मुदतीने बरं होत नाही. 'संस्था योग्य ती खबरदारी घेते' हे वाक्य वर्डमधून काढून जेसनमध्ये ठेवलं तर फाइल तपासणारा प्रोग्राम खूश होतो, कारण खण भरलेला आहे. आतला मजकूर पोकळ आहे की खोटा, हे त्याला कळत नाही. पहारेकरी रात्री जागा असतो का, हे तर मुळीच नाही.

आणि फाइलच्या शेवटी जोडपत्रांसाठी एक खण आहे. त्यात चित्रसुद्धा अक्षरांच्या लांबलचक माळेत बदलून भरता येतं, नियमाला धरून. म्हणजे यंत्राला वाचता येईल अशा फाइलच्या पोटात तो जुना स्क्रीनशॉट आरामात मावतो, कोपऱ्यातल्या घड्याळासकट.