अमेरिकी राष्ट्राध्यक्षांना ‘घरचा आहेर’ का मिळेनासा झाला

बेळगावात वाढलेले आणि आता मिशिगनमधून डेमोक्रॅटिक पक्षातर्फे निवडून गेलेले श्री ठाणेदार यांनी 28 एप्रिल 2025 रोजी प्रतिनिधिगृहात (अमेरिकी संसदेच्या कनिष्ठ सभागृहात) डोनाल्ड ट्रम्प यांच्यावर महाभियोगाची सात कलमे दाखल केली. मे महिन्यात त्यांनी ठराव ‘प्राधान्याचा’ म्हणून पुढे रेटला. असा ठराव आला की सभागृहाला कामकाजाच्या दोन दिवसांत तो हाताळावाच लागतो. पण मतदानाची वेळ आली तेव्हा त्यांनी पाऊल मागे घेतले. अडवले ते रिपब्लिकनांनी नव्हे, त्यांच्याच पक्षाने. बहुमत रिपब्लिकनांकडे, ठराव पडणार हे ठरलेले. मग ट्रम्प यांना फुकटचा विजय कशाला द्यायचा, असा साधा हिशेब. पुढच्याच महिन्यात टेक्सासचे ॲल ग्रीन यांनी इराणवरील हल्ल्यांवरून तसाच ठराव आणला. तो 344 विरुद्ध 79 मतांनी बासनात गेला आणि बासनात टाकणाऱ्यांत 128 डेमोक्रॅट होते.

या ठरावांमागचा राग खरा असेल, पण निकाल आधीच ठाऊक होता. राष्ट्राध्यक्षांवरच्या टीकेचा इतिहास पाहताना भाषा किती तिखट झाली यावर सगळ्यांचा भर असतो. तिखटपणा तर पहिल्यापासूनच आहे. बदल झाला तो टीका कोण करतो यात.

जॉर्ज वॉशिंग्टन यांनाही कोणी सोडले नव्हते. फिलाडेल्फियाचे ‘ऑरोरा’ हे पत्र बेंजामिन फ्रँकलिन यांचा नातू चालवत असे. वॉशिंग्टन राजेशाही थाट मिरवतात, हा त्याचा नेहमीचा आरोप. पुढचे राष्ट्राध्यक्ष जॉन ॲडम्स यांच्या फेडरलिस्ट पक्षाने 14 जुलै 1798 रोजी राजद्रोहाचा कायदाच केला. राष्ट्राध्यक्ष, काँग्रेस (तिथली संसद) किंवा सरकार यांच्याविरुद्ध खोटे व द्वेषमूलक लिखाण केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद आणि 2,000 डॉलरपर्यंत दंड. कायद्याचे खरे स्वरूप कळते ते वगळलेल्या शब्दात: संरक्षण मिळालेल्यांच्या यादीत उपराष्ट्राध्यक्ष नव्हते. त्या पदावर तेव्हा विरोधी पक्षाचे थॉमस जेफरसन होते! कायदा 3 मार्च 1801 रोजी, म्हणजे पुढच्या राष्ट्राध्यक्षाच्या शपथविधीच्या आदल्या दिवशी आपोआप संपावा, अशीही तजवीज होती. सत्ता गेलीच तर हे हत्यार आपल्यावर उलटू नये, इतपत दूरदृष्टी कर्त्यांकडे होती. व्हरमाँटचे लोकप्रतिनिधी मॅथ्यू लायन यांना चार महिने तुरुंग आणि 1,000 डॉलर दंड झाला. मतदारांनी त्यांना तुरुंगात असतानाच पुन्हा निवडून दिले. जेफरसन सत्तेवर आल्यावर त्यांनी शिक्षा झालेल्यांना माफी दिली. त्या कायद्यावर सर्वोच्च न्यायालयाने त्या वेळी निर्णय दिलाच नाही. इतिहासाच्या न्यायालयात तो हरला आहे, असे न्यायमूर्तींनी नोंदवले ते थेट 1964 मध्ये, ‘न्यूयॉर्क टाइम्स विरुद्ध सुलिव्हन’ खटल्यात. राष्ट्राध्यक्षाला जिवे मारण्याची धमकी हा मात्र 1917 पासून वेगळा गुन्हा आहे आणि त्याला पाच वर्षांपर्यंत कैद आहे. तिथेही राजकीय अतिशयोक्ती म्हणजे खरी धमकी नव्हे, असा निवाडा 1969 चा आहे.

अँड्र्यू जॅक्सन यांच्या काळात टीकेला संसदीय रूप आले. बँकेतील सरकारी ठेवी हलवल्याबद्दल सिनेटने (वरिष्ठ सभागृहाने) 1834 मध्ये 26 विरुद्ध 20 मतांनी त्यांची निर्भर्त्सना केली. 1837 मध्ये बहुमत फिरले तेव्हा सिनेटची मूळ नोंदवही मागवून त्या ठरावाभोवती काळ्या रेघा ओढण्यात आल्या आणि वर ‘रद्द’ असा शेरा मारण्यात आला. निर्भर्त्सनेने पद जात नाही. पद जाते ते महाभियोगाने: प्रतिनिधिगृहात साध्या बहुमताने आरोप, मग सिनेटमध्ये खटला, आणि दोषी ठरवायला उपस्थितांपैकी दोन तृतीयांश मते. शंभरच्या शंभर सदस्य हजर असतील तर 67. आपल्याकडच्या अविश्वास ठरावासारखे एका मताने सरकार कोसळण्याचा प्रकार तिथे नाही. आजवर दोन तृतीयांश जागा एकट्या विरोधी पक्षाच्या हाती असल्या असे क्वचितच झाले, म्हणून राष्ट्राध्यक्षाच्या स्वपक्षातून किती फुटतात यावर सगळा खेळ असतो.

ते आकडे बोलके आहेत. 1868 मध्ये अँड्र्यू जॉन्सन 35 विरुद्ध 19 असे, फक्त एका मताने वाचले. त्यांच्या विरोधातील रिपब्लिकन पक्षाचे सात सदस्य फुटले म्हणून. त्या सातांपैकी एकही पुन्हा सिनेटवर निवडून आला नाही, तेव्हा बंडखोरी तेव्हाही स्वस्त नव्हतीच. 1974 मध्ये रिचर्ड निक्सन यांच्याविरुद्धचे पहिले कलम समितीत 27 विरुद्ध 11 मतांनी मंजूर झाले, तेव्हा 17 पैकी सहा रिपब्लिकनांनी बाजूने मत दिले. 7 ऑगस्टला बॅरी गोल्डवॉटर, ह्यू स्कॉट आणि जॉन ऱ्होड्स हे स्वपक्षाचे तीन नेते व्हाइट हाऊसमध्ये गेले आणि सिनेटमध्ये तुमच्यामागे मोजकेच उरले आहेत, हे त्यांनी निक्सन यांच्या कानावर घातले. दोन दिवसांत निक्सन पायउतार झाले. बिल क्लिंटन यांच्या खटल्यात (1999) सिनेटमधला एकही डेमोक्रॅट फुटला नाही. 2020 मध्ये ट्रम्प यांना दोषी ठरवणारे मिट रॉम्नी हे स्वपक्षाच्या राष्ट्राध्यक्षाविरुद्ध असे मत देणारे पहिलेच सिनेटर. 6 जानेवारी 2021 च्या संसद भवनावरील हल्ल्यानंतरच्या खटल्यात सात रिपब्लिकन फुटले, तरी 57 विरुद्ध 43 असा निकाल दहा मतांनी अपुरा पडला.

मग पूर्वी माणसे फुटत कशी होती? कारण पक्षच मिश्र होते. दक्षिणेतले वर्णभेदवादी जमीनदार आणि उत्तरेतले कामगार संघटनावाले एकाच डेमोक्रॅटिक पक्षात नांदत. 1964 चा नागरी हक्क कायदा सिनेटने 73 विरुद्ध 27 मतांनी केला. विरोधातल्या 27 पैकी 21 डेमोक्रॅट होते आणि राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सनही डेमोक्रॅटच. गंमत म्हणजे 1950 मध्ये अमेरिकी राज्यशास्त्रज्ञांच्या समितीची तक्रार नेमकी उलट होती: दोन्ही पक्ष सारखेच दिसतात, मतदाराला स्पष्ट निवड द्या. ती मागणी पूर्ण झाली, फार पूर्ण झाली. नागरी हक्कांनंतर दक्षिणेचा गोरा मतदार हळूहळू रिपब्लिकनांकडे सरकला, उत्तरेतले उदारमतवादी रिपब्लिकन विरळ झाले, आणि 1994 मध्ये न्यूट गिंग्रिच यांच्या नेतृत्वाखाली रिपब्लिकनांनी 40 वर्षांनी प्रतिनिधिगृह जिंकले.

गिंग्रिच यांनी कॅमेऱ्याची ताकद आधीच ओळखली होती. 1979 पासून कामकाज दूरचित्रवाणीवर दिसू लागले होते. दिवसाचे काम संपल्यावर रिकाम्या सभागृहात ते विरोधकांवर तुटून पडत; घरी बसलेल्या प्रेक्षकाला वाटे, समोर निरुत्तर झालेले विरोधक बसले आहेत. मे 1984 मध्ये सभापती टिप ओनील यांनी कॅमेरा फिरवून रिकाम्या खुर्च्या दाखवायला लावल्या. 1987 मध्ये, प्रसारकांनी वादग्रस्त विषयाच्या दोन्ही बाजू द्याव्यात, हा नियम गेला. 1996 मध्ये फॉक्स न्यूज आणि एमएसएनबीसी सुरू झाल्या. सगळे खापर वाहिन्यांवर फोडणे मात्र सोपे आहे. मोठी भीती असते ती प्रायमरीची, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीची.

भारतात पक्षांतरबंदी कायद्यामुळे व्हीप मोडणाऱ्याचे सदस्यत्व जाऊ शकते. अमेरिकेत तसा कायदा नाही, पण उमेदवारी पक्षश्रेष्ठी देत नाहीत, प्रायमरीतले मतदार देतात, आणि तिथे उतरतो तो मुख्यतः कट्टर समर्थक. 2021 मध्ये प्रतिनिधिगृहात ट्रम्प यांच्यावरील महाभियोगाला दहा रिपब्लिकनांनी पाठिंबा दिला. त्यातले चार निवृत्त झाले, चार प्रायमरीत हरले, दोघेच परत आले. उरलेल्यांना आणखी काही समजावून सांगावे लागले नाही.

हेच मतदारांमध्येही दिसते. गॅलपच्या चाचण्यांत थोरल्या बुश यांच्या मुलाची, जॉर्ज डब्ल्यू. बुश यांची लोकमान्यता 11 सप्टेंबरनंतर 90 टक्क्यांवर गेली आणि 2008 मध्ये 25 वर आली. ट्रम्प यांची पहिल्या कारकिर्दीत 34 ते 49 याच पट्ट्यात राहिली. महासाथ आली, महाभियोग झाला, काटा फारसा हलला नाही. म्हणून हल्लीची चाचणी वाचताना एकूण आकड्यावर थांबू नये. स्वपक्षीय, विरोधक आणि अपक्ष असे तीन आकडे वेगळे पाहावेत. एकूण 42 टक्क्यांमागे बहुधा एका बाजूचे जवळपास सगळे आणि दुसऱ्या बाजूचे जवळपास शून्य दडलेले असते. तिरस्कार मोजण्याचा आणखी एक प्रश्न आपल्याला चटकन कळेल, तो सोयरिकीचा: मुलाने वा मुलीने दुसऱ्या पक्षाच्या घरात लग्न केले तर वाईट वाटेल का? 1960 मध्ये दोन्हीकडे जेमतेम पाच टक्के ‘हो’ म्हणाले होते. 2010 मध्ये रिपब्लिकनांत ते प्रमाण जवळजवळ निम्मे होते, डेमोक्रॅटांत सुमारे एक तृतीयांश.

2016 मध्ये सिनेटच्या 34 जागांवर निवडणूक झाली. प्रत्येक राज्याने सिनेटसाठीही तोच पक्ष निवडला जो राष्ट्राध्यक्षपदासाठी निवडला होता. 2024 मध्ये 435 मतदारसंघांपैकी फक्त 16 ठिकाणी मतदारांनी राष्ट्राध्यक्ष एका पक्षाचा आणि लोकप्रतिनिधी दुसऱ्या पक्षाचा पसंत केला. राष्ट्राध्यक्षाला घरचा आहेर दिला तरी मतदारसंघात खपवून घेतले जाईल, असे वाटण्याजोग्या जागा साधारण तेवढ्याच उरल्या आहेत.