ड्रायक्लीनिंग

पाण्याऐवजी सेंद्रिय द्रावक, म्हणजे तेलकट मळ विरघळवणारा कार्बनयुक्त रासायनिक द्रव, वापरून कपडे धुण्याची पद्धत. यातही कपडा चिंब भिजतो, मशीनच्या ड्रममध्ये घोळला जातो, पिळला जातो आणि वाळतो. घरच्या धुण्यापेक्षा वेगळा असतो तो द्रव, आणि या पद्धतीचे बहुतेक गुणदोष तिथूनच येतात.

सूत, रेशीम आणि लोकर पाणी पिऊन फुगतात आणि वाळताना आक्रसतात. लोकरीच्या तंतूवर सूक्ष्म खवले असतात. गरम पाणी, साबण आणि चोळणे एकत्र आले की हे खवले एकमेकांत अडकतात. कापड आटते, जाड होते आणि पुन्हा पूर्ववत होत नाही. आटपाडी-जतकडची घोंगडी जाणती माणसे सहसा धुवायला काढत नाहीत, उन्हात टाकून झटकतात, ते योग्यच आहे. कोटाची अडचण आणखी निराळी. वरची लोकर, आतला कॅनव्हास आणि अस्तर पाण्यात कमी-जास्त आटतात, त्यामुळे घरी धुतलेल्या कोटाच्या छातीवर फुगे येतात. रेशमी साडीचा रंग सुटतो, चमक उतरते. द्रावक मात्र धागा फुगवत नाही, म्हणून कपड्याची ठेवण तशीच राहते.

सर्वांत प्रसिद्ध द्रावक म्हणजे पर्क्लोरोइथिलीन, धंद्यातल्या भाषेत 'पर्क'. ते पेट घेत नाही, 121 अंश सेल्सियसला उकळते आणि त्याचे एक लिटर साधारण 1.6 किलो भरते. आपल्याकडे मिनरल टर्पेंटाइन, म्हणजे 'एमटीओ', हेही चालते. पेट्रोलियमपासून बनणारे हे द्रावक ज्वालाग्राही असते. लोकांच्या तोंडी असलेला 'पेट्रोल वॉश' हा शब्द अशाच द्रावकांवरून आला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात पॅरिसमधील जोली यांच्या घरी दिव्याचे तेल टेबलक्लॉथवर सांडले आणि तेवढाच भाग स्वच्छ झाला, अशी या धंद्याच्या उगमाची कथा सांगतात.

मशीन बंदिस्त असते. द्रावक कपड्यांतून फिरते, फिल्टरमधून गाळले जाते आणि पुन्हा आत येते. नंतर कपडे जोरात फिरवून ते काढून घेतात. उरलेले गरम हवेने उडवून, थंड करून पुन्हा टाकीत जमा करतात. मळलेले द्रावक ऊर्ध्वपातनाने शुद्ध होते, तळाशी तेलकट गाळ राहतो. द्रावक महाग असल्याने ते वाया जाऊ न देण्यावरच धंद्याचे गणित बसते. लहान दुकाने बहुधा कपडे फक्त घेतात, त्यांवर नंबराची चिठ्ठी टाचतात आणि मशीन असलेल्या मोठ्या ठिकाणी पाठवतात.

तेल, तूप, मेण, लिपस्टिक हे डाग द्रावकात सहज विरघळतात. घाम, चहा, सरबत यांचे डाग पाण्याच्या स्वभावाचे. द्रावकाने ते नीट निघत नाहीत. ते आधी डाग काढणाऱ्या कारागिराकडे जातात. वाफेची पिचकारी, मऊ ब्रश आणि डागाप्रमाणे रसायन घेऊन तो एकेक डाग हाताळतो. ड्रायक्लीनिंगचे खरे कसब इथे दिसते. साखरेचा डाग वाळल्यावर दिसतही नाही, पण इस्त्रीच्या उष्णतेने तपकिरी होतो, म्हणून काय सांडले होते ते कपडे देतानाच सांगावे.

सांगलीत सांगण्यासारखा डाग हळदीचा. इथल्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. लग्नसराईत ती पैठणीच्या पदरापर्यंत पोचतेच. हळदीतले कुरकुमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही आणि साबणासारख्या अल्कधर्मी पदार्थाने लालसर होते. घाबरून आणखी साबण चोळला की डाग पसरतो आणि रेशीम घासले जाऊन खराब होते. सुती कपड्यावरची हळद धुऊन उन्हात टाकली की फिकट होत जाते, कारण प्रकाशाने कुरकुमिन मोडते. रेशमाला हा उपाय करू नये, उन्हाने साडीचा रंगही उडतो. नुसत्या मशीननेही हळद पुरती जाईल याची खात्री नसते. डाग ताजा असताना जाणत्याच्या हाती द्यावा.

पुराच्या चिखलाचे गणित उलटे आहे. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी सांगलीच्या घराघरांत शिरले, तेव्हाच्या गाळासारखे मातीचे कण द्रावकात विरघळत नाहीत. ओला कपडा पर्कच्या मशीनमध्ये घालता येत नाही, त्या ओलाव्याने लोकर आटू शकते. तो आधी सावलीत वाळवून माती झटकावी लागते.

रोजच्या सुती सदऱ्यांना ड्रायक्लीनिंग करणे म्हणजे पैसे वाया घालवणे; घामाचे क्षार काढायला पाणीच हवे. कपड्याच्या आतल्या पट्टीवर वर्तुळ असेल तर तो व्यावसायिक धुलाईचा, वर्तुळावर फुली असेल तर ड्रायक्लीन करू नये. वर्तुळातले 'पी' अक्षर पर्क चालते असे सांगते, 'एफ' फक्त पेट्रोलियम द्रावकांसाठी असते. घरी आणलेला कपडा प्लॅस्टिकच्या पिशवीतून काढून हवेशीर जागी टांगावा, मगच कपाटात ठेवावा.

पर्कची वाफ मज्जासंस्था आणि यकृताला घातक असते; आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ते 'बहुधा कर्करोगकारक' गटात टाकले आहे. सर्वांत जास्त धोका मशीनवर दिवसभर राबणाऱ्या कामगाराला असतो. अमेरिकेने डिसेंबर 2024 मध्ये ड्रायक्लीनिंगमधील पर्क दहा वर्षांत टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा नियम केला. त्याची जागा काही प्रमाणात मोजक्या पाण्यात, सौम्य साबणाने आणि हलक्या हालचालीने धुणारी मशीन घेत आहेत. पट्टीवर त्यांची खूण वर्तुळातले 'डब्ल्यू' ही असते.